सीडी-डीव्हीडी उतरवायला तासन्‌तास लागतात? लिनक्स मशीनवर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

लक्षणं

लग्नाची साडेचार जीबीची डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवायला दहा मिनिटांच्या जागी तास-सव्वा तास लागतो, आणि वेगाचा आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी चिकटलेला असतो. किंवा आकडा नाचतो: आठ एमबी, दोन, शून्य, परत पाच. मध्येच ड्राइव्ह बंद पडल्यासारखा होतो आणि घुर्र करून पुन्हा फिरू लागतो. कधी पहिला एक-दीड जीबी झरझर जातो आणि मग सगळं रेंगाळतं. गाण्यांच्या सीडीत एकाच गाण्यावर पाच-सात मिनिटं जातात, बाकीची गाणी ठीक उतरतात. व्हीसीडी (साध्या सीडीवर भरलेला जुन्या पद्धतीचा व्हिडिओ) असेल तर फोल्डर दिसतं, फाइल दिसते, पण कॉपी करायला गेलं की ‘इनपुट-आउटपुट एरर’. आणि शेवटचा प्रकार म्हणजे डिस्क फिरत असेपर्यंत अख्खं मशीनच जड होतं, माऊससुद्धा अडखळतो.

ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत. तक्रार मात्र एकच येते: ‘लिनक्सवर सीडी स्लो चालते.’ लिनक्सचा दोष यात क्वचितच असतो.

आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हे काम ठरलेल्या दिवसांत येतं. धान निघालं, दिवाळी गेली, की मंडया (गावोगावच्या जत्रा) भरतात, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात, रात्रीची नाटकं लागतात; मग कुणाला तरी पंधरा वर्षांपूर्वी गावच्या मंडईत झालेल्या नाटकाची सीडी आठवते. पाठोपाठ लग्नसराई. ‘आमच्या लग्नाची डीव्हीडी पेन ड्राइव्हमध्ये टाकून देता का जी?’ घरचा डीव्हीडी प्लेअर कधीचाच भंगारात गेलेला असतो आणि पोराच्या नव्या लॅपटॉपला ट्रे नसतो. माझ्या दुकानातली मशीनं कुठल्या तरी ऑफिसातून निघालेली जुनी आहेत, त्यांवर लिनक्स मिंट आहे, आणि या कामाला ती पुरून उरतात. इथे बोलतोय ते घरच्या रेकॉर्डिंगबद्दल. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर कुलूप असतं, तिचा कायदाही वेगळा आणि तंत्रही वेगळं.

खाली आज्ञांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

आधी आकडा बघा, मग हात लावा

डीव्हीडीचा एकपट वेग म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी, सीडीचा एकपट म्हणजे १५० केबी. ड्राइव्हवर १६ एक्स छापलेलं असलं तरी तो वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, फिरण्याची गती तीच राहते, आणि आतला घेर लहान असल्यामुळे तिथे एका फेरीत मजकूर कमी सापडतो. म्हणून १६ एक्सचा ड्राइव्ह सुरुवातीला सहा-सात एक्सने, म्हणजे नऊएक एमबीने निघतो आणि शेवटाकडे वीसच्या वर जातो. सुरुवात हळू होणं हा बिघाड नव्हे. साडेआठ जीबीच्या दोन थरांच्या डीव्हीडीत हा आलेख अर्ध्यावर उलटतो, कारण दुसरा थर बाहेरून आत वाचला जातो. तिथे शेवटी वेग कमी झाला तर घाबरू नका.

ढोबळ हिशेब असा: धडधाकट डिस्क आणि बरा ड्राइव्ह असेल तर साध्या डीव्हीडीला पाच ते बारा मिनिटं. लॅपटॉपचे पातळ ड्राइव्ह आठ एक्सचे असतात, ते दहा मिनिटांच्या आसपास घेतात. भरलेल्या सीडीला तीन ते पाच मिनिटं. तुमचा वेळ याच्या दीडपट असेल तर सोडून द्या, चहा घ्या. तिपटीच्या वर असेल तर पुढे वाचा.

आता एक चाचणी, जी फुकट आहे आणि अर्धे संशयित लगेच बाजूला काढते. डिस्क वाचायची, पण कुठेच साठवायची नाही. ‘डीडी’ ही आज्ञा घ्या. इनपुट म्हणून डेव्ह फोल्डरमधलं एसआर-शून्य (हे डिस्कच्या ड्राइव्हचं नाव), आउटपुट म्हणून डेव्ह-नल (यात टाकलेलं कुठेच साठत नाही), ब्लॉकचा आकार एक एमबी, आणि शेवटी स्टेटस-प्रोग्रेस. ब्लॉकचा आकार द्यायला विसरू नका. काहीच दिलं नाही तर डीडी ५१२ बाइटचे बारीक तुकडे घेतं आणि तेवढ्यानेच काम मंदावतं. एक-दोन मिनिटं चालू द्या, आकडा कसा हलतो ते बघा, मग कंट्रोल-सीने थांबवा. तीच डिस्क परत तपासायची असेल तर मध्ये एकदा ट्रे बाहेर काढून आत घ्या. नाहीतर आधी वाचलेला भाग मशीन रॅममधूनच देतं आणि खोटाच भन्नाट वेग दिसतो.

आकड्याची चाल महत्त्वाची. हळूहळू चढत गेला तर वाचन ठीक आहे, दोष पुढच्या टप्प्यात शोधा. खालीच, पण अगदी सपाट राहिला तर कुणीतरी मर्यादा घातलेली आहे: यूएसबीचं पोर्ट, वायर, किंवा ड्राइव्हचं स्वतःचं फर्मवेअर (त्याच्या आत बसवलेला प्रोग्राम). नाचला, अडला, शून्यावर गेला तर डिस्क किंवा लेन्स. मी ड्राइव्ह उघडण्याआधी नेहमी हेच करतो, कारण सपाट आकड्यावर डिस्क पुसत बसण्यात अर्थ नाही आणि नाचणाऱ्या आकड्यावर वायर बदलून काही होत नाही.

डिस्क पुसणे

सपाट आकड्याचा हा इलाज नव्हे, तरी एकदा करून घ्या, खर्च काहीच नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं फडकं. पुसायचं ते मधल्या भोकापासून सरळ कडेकडे. गोल-गोल फिरवून पुसू नका. डिस्कवरचा मजकूर गोल रेषेत असतो. त्या रेषेच्या दिशेने ओरखडा पडला तर सलग भाग खराब होतो आणि ड्राइव्हची चुका सुधारायची सोय तोकडी पडते. आडवा ओरखडा मात्र प्रत्येक फेरीत थोडासाच अडथळा आणतो आणि बहुतेक वेळा भरून निघतो.

सीडीची छापील बाजू जास्त नाजूक असते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. सीडीत चकाकणारा थर छपाईच्या लगेच खाली, लाखेच्या पातळ लेपाआड असतो. तिकडून नख लागलं तर मजकूरच उडाला. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित. टूथपेस्ट चोळण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. उथळ ओरखड्यावर तो कधी चालतोही, पण ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही तिच्यावर तो करू नका.

लग्नाच्या डीव्हीडीवर स्टुडिओवाले नवरा-नवरीच्या फोटोचं स्टिकर चिकटवून देत. ते वाकडं बसलं असेल किंवा एका बाजूने उचललं असेल तर डिस्कचा तोल जातो, ती थरथरते आणि ड्राइव्ह आपणहून गती कमी करतो. स्टिकर ओढून काढायचा मोह आवरा. सीडी असेल तर त्याच्यासोबत चकाकणारा थरही निघून येतो. सुटलेली कड बोटाने दाबून बसवा आणि वेग कमी करून वाचा, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

डिस्क सपाट काचेवर ठेवून बघा. टिनाच्या छताखाली, लोखंडी पेटीत ठेवलेली डिस्क उन्हाळ्यात वाकते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तर पेटीच्या आत काय होत असेल याचा अंदाज करा. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये मजकूर एका रंगद्रव्याच्या थरात असतो, आणि उष्णता व ऊन यांनी तोच थर उतरतो. अशी डिस्क वरून आरशासारखी स्वच्छ दिसते तरीही अडते. तिला पुसून उपयोग नसतो.

एका वेळी एकानेच वाचावं

डिस्क टाकली की फाइल मॅनेजर उघडतो, व्हिडिओची छोटी चित्रं बनवायला लागतो, कधी प्लेअरही आपोआप सुरू होतो. त्याच वेळी तुम्ही कॉपी लावली, की लेन्सला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. हार्ड डिस्कला उडी मारायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कित्येक पट ऑप्टिकल ड्राइव्हला लागतो, त्यामुळे दोन ठिकाणांहून आलटून-पालटून वाचताना वेग अक्षरशः कोसळतो. फाइल मॅनेजरची खिडकी बंद करा, प्लेअर बंद करा, सेटिंगमध्ये जाऊन काढता येण्याजोग्या माध्यमांचं आपोआप चालू होणं बंद करून टाका.

आणि फाइल-फाइल कॉपी करण्याऐवजी पूर्ण डिस्कची एक आयएसओ प्रतिमा काढा. ती एका दमात, आतून बाहेर, न उड्या मारता वाचली जाते. पुढचं सगळं काम त्या आयएसओवर करा, डिस्क परत डब्यात.

वाचणं वेगळं, बदलणं वेगळं

हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये थेट डिस्क निवडून एमपी-फोर बनवायला लावली आणि दीड तास लागला, तर तो दीड तास ड्राइव्हचा नाही, प्रोसेसरचा आहे. प्रोसेसरवरचा भार दाखवणारा ‘एच-टॉप’ उघडून बघा. सगळे कोअर शंभर टक्क्यांवर आणि ड्राइव्ह मधूनमधून झोपलेला असेल तर निदान झालं. धान भरडायची गिरणी जोरात असली तरी खाली पोतं धरणारा एकटाच असेल तर गिरणी त्याच्यासाठी थांबते, तसंच हे. यात आणखी एक नुकसान होतं: ड्राइव्ह सारखा थांबतो, परत गती घेतो, आणि तेवढी झीज फुकट. आधी आयएसओ काढून घ्या. मग रूपांतर रात्री लावून द्या, लाइट टिकली तर सकाळी तयार मिळेल.

गाण्यांच्या सीडीतही तेच. ‘एबीसीडीई’सारखा प्रोग्राम वाचन आणि रूपांतर एकाच वेळी करू शकतो, पण जुन्या दोन कोअरच्या मशीनवर दोन्हींची ओढाताण होते. आधी सगळं वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या फाइलींत, काढा.

कुठे साठवताय?

डेव्ह-नलच्या चाचणीत वेग चांगला आला आणि खऱ्या कॉपीत पडला, तर गुन्हेगार हाच. बाजारात मिळणारे स्वस्त पेन ड्राइव्ह लिहिताना सेकंदाला पाच-सहा एमबीच्या वर जात नाहीत, काही तर त्याहून खाली. पहिला जीबी झरझर जातो कारण लिनक्स तो आधी रॅममध्ये साठवून ठेवतं. रॅम भरली की खरा वेग उघडा पडतो. म्हणून ‘कॉपी पूर्ण’ दिसल्यावरही पेन ड्राइव्ह लगेच उपटायचा नाही, ‘सेफली रिमूव्ह’ करून थांबायचं.

पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही आणि डीव्हीडीची आयएसओ शेवटाजवळ जाऊन अडते. आधी मशीनच्या आतल्या डिस्कवर उतरवा, मग गिऱ्हाईकाच्या पेन ड्राइव्हवर टाका. आतली डिस्क ९५ टक्के भरलेली असेल तर तीही मंद होते. ‘डीएफ’ आज्ञेने जागा बघून घ्या.

दुसरी डिस्क लावून बघा

कपाटातून एखादी नवी, चांगली डिस्क काढा आणि तीच चाचणी करा. ती धावली तर ड्राइव्ह निर्दोष. तीही रखडली तर डिस्कचा नाद सोडून पुढे चला. सोपी तपासणी आहे, पण लोक ती सर्वांत शेवटी करतात.

यातच एक खास प्रकार सापडतो. डेटा भरलेली डीव्हीडी दहा-बारा एमबीने धावते, आणि व्हिडिओ डीव्हीडी मात्र अडीच-तीन एमबीवर सपाट चिकटते. कितीही पुसा, काहीही करा, आकडा हलत नाही. याला रिपलॉक म्हणतात: सिनेमा बघताना ड्राइव्हचा आवाज होऊ नये म्हणून काही उत्पादकांनी फर्मवेअरमध्येच व्हिडिओ डिस्कचा वेग बांधून ठेवला आहे. लिनक्समध्ये कुठलीही सेटिंग बदलून तो सुटत नाही. फर्मवेअर बदलण्याचे उपाय सांगणारे भेटतील. मध्येच लाइट गेली तर ड्राइव्ह कायमचा मेला, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा काय? मी त्या वाटेला जात नाही. दुसरा ड्राइव्ह वापरतो किंवा अर्धा तास थांबतो.

यूएसबीचा ड्राइव्ह असेल तर

‘एलएस-यूएसबी’ला हायफन-टी जोडून चालवा. झाडासारखी यादी येते, आणि प्रत्येक उपकरणापुढे वेगाचा आकडा (मेगाबिटमध्ये) असतो. ड्राइव्हपुढे ४८० दिसलं तर ठीक, १२ दिसलं तर सापडलं. १२ म्हणजे यूएसबी १.१ चा वेग. त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला एक एमबीच्या आसपासच मिळतं, म्हणजे डीव्हीडीच्या एकपट वेगाहूनही कमी. त्या हिशेबाने साडेचार जीबीला सव्वा तास लागणारच. कारण बहुधा जुना हब, खराब केबल किंवा कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं सैल पोर्ट. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा.

विजेचाही प्रश्न असतो. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. डिस्क गती घेताना बाहेरचा ड्राइव्ह ५०० च्या वर ओढू शकतो. पुरवठा कमी पडला की तो क्षणभर मरतो आणि परत जिवंत होतो. टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ हायफन-डब्ल्यू लावून ठेवा. ‘रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ अशी ओळ पुन्हा पुन्हा येत असेल तर विजेचा किंवा केबलचा दोष समजा. निळ्या रंगाच्या (यूएसबी ३) पोर्टमध्ये लावा, किंवा दोन तोंडांची वाय-केबल वापरा. लांब एक्स्टेन्शन केबल आधी काढून टाका.

हळू वाचा, लवकर संपेल

गिऱ्हाईकाला हे पटत नाही, पण नाचणाऱ्या आकड्यावर पहिला उपाय म्हणजे वेग कमी करणं. खरवडलेल्या डिस्कवर ड्राइव्ह पूर्ण गतीने जातो, वाचता येत नाही, थांबतो, मागे येतो, परत प्रयत्न करतो, परत अडतो. एकेका जागेवर अर्धा-अर्धा मिनिट जातो. तोच ड्राइव्ह चार किंवा आठ एक्सवर बांधला तर लेन्सला रेषा धरून ठेवायला वेळ मिळतो, डिस्कची थरथर कमी होते, आणि पहिल्याच प्रयत्नात पुष्कळ जागा वाचल्या जातात. ‘इजेक्ट’ आज्ञेला छोटा एक्स आणि पुढे आकडा दिला की वेग बांधला जातो. शून्य दिलं की परत कमाल. मोठा एक्स दिला तर ड्राइव्हला कोणते वेग चालतात त्यांची यादी मिळते. काही ड्राइव्ह ही आज्ञा मानत नाहीत आणि डिस्क बदलली की बहुतेक सगळे ती विसरतात, हे लक्षात ठेवा.

गाण्यांची सीडी

इथे मंदपणा कित्येकदा मुद्दाम ठेवलेला असतो. डेटा सीडीत चुका ओळखायची-सुधारायची एक जादा पातळी असते, ती गाण्यांच्या सीडीत नसते. म्हणून ‘सीडी-पॅरानॉइया’ हा प्रोग्राम एकच भाग एकावर एक असा पुन्हा वाचतो आणि जुळवून बघतो. गोंदियाच्या-भंडाऱ्याच्या भजनी मंडळांनी काढलेल्या, हातोहात फिरलेल्या सीडीवर यात खूप वेळ जाणं साहजिक आहे. तो चालताना एक चेहरा दाखवतो, त्याच्याकडे बघा. हसरा असेल तर सगळं बरं. रडका झाला तर ओरखडा सापडला. डोळा मारून रडणारा म्हणजे त्या जागी त्याने दुरुस्तीचा नाद सोडला.

कॅपिटल झेड दिलं तर ही सगळी तपासणी बंद होते आणि सीडी झपाट्याने उतरते. चांगल्या, चकचकीत सीडीला मी ते लावतो. खरवडलेल्या सीडीला लावलं तर गाण्यात टिक-टिक ऐकू येते, आणि मग पूर्ण काम परत. कॅपिटल एस आणि पुढे आठ किंवा चार देऊन वेग बांधणं, तपासणी चालू ठेवणं, आणि फक्त अडलेलं गाणं वेगळं काढणं हा बरा मार्ग. ‘व्हिपर’ वापरत असाल तर तो प्रत्येक गाणं दोनदा वाचून ताडून बघतो. तिथे दुप्पट वेळ ही तक्रार होऊ शकत नाही.

व्हीसीडी: ही कॉपीच वेगळी

नाटकांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये व्हीसीडी फार निघतात. एमपीईजी-एव्ही फोल्डरमध्ये डॅट नावाची मोठी फाइल दिसते, विंडोजवर ती ओढून टाकली की कॉपी होते. लिनक्सवर मात्र एरर, आणि एररच्या आधी बराच वेळ ताटकळणं. डिस्क बिघडलेली नसते. व्हीसीडीत व्हिडिओचे तुकडे २३२४ बाइटचे असतात, तर साध्या डेटा सीडीत ते २०४८ चे. लिनक्स तिला डेटा समजून वाचायला जातं आणि अडखळतं. यासाठी ‘व्हीसीडी-इमेजर’ हे पॅकेज टाका आणि त्यातलं ‘व्हीसीडी-एक्स-रिप’ चालवा. सरळ एमपीईजी फाइल हातात येते. आधी व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हीसीडी म्हणून उघडून बघा, तिथे चालली तर डिस्क बरी आहे.

आता मशीन काय म्हणतंय ते वाचा

इथपर्यंत सापडलं नसेल तर डीमेसेज नीट वाचायची वेळ आली. ‘मीडियम एरर’ किंवा ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ एसआर-शून्यच्या नावाने येत असेल तर डिस्क किंवा लेन्स. ‘एटीए’ने सुरू होणाऱ्या ओळींत ‘लिमिटिंग स्पीड’, ‘हार्ड रीसेटिंग लिंक’, ‘पीआयओ’ असे शब्द दिसले तर केबल.

पीआयओ का वाईट? एरवी ड्राइव्ह आपला मजकूर थेट रॅममध्ये टाकतो, त्याला डीएमए म्हणतात. वायरीवर चुका होऊ लागल्या की कर्नल (लिनक्सचा गाभा) सावध होऊन वेग एकेक पायरी उतरवतं आणि शेवटी पीआयओवर येतं, जिथे प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो. मशीन जड होतं, माऊस अडखळतो ते यामुळे. ओळखायची खूण सोपी: मशीन रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ वेग छान, मग परत रडगाणं. यूडीएमए-३३ दिसलं तर मात्र काळजी नको, तो डीएमएचाच प्रकार आहे आणि सेकंदाला ३३ एमबी डीव्हीडीला भरपूर झाले.

जुन्या लेखांत ‘एचडीपार्म’ने डीएमए चालू करा असं लिहिलेलं असतं. ते ड्राइव्हचं नाव एचडी-सी वगैरे असायचं त्या काळातलं. एसआर-शून्य नाव असलेल्या ड्राइव्हवर ती आज्ञा लागू पडत नाही. २०२१ मध्ये आलेल्या ५.१४ कर्नलमधून तर त्या जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयडीईचा, कोडच काढून टाकला. त्यात वेळ घालवू नका. मशीन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट उघडा, साटा केबल (ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी) दोन्ही टोकांनी काढून परत घट्ट बसवा, जमलं तर नवी घाला. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू आहे. मदरबोर्डवरचं दुसरं पोर्टही वापरून बघा. बायोसमध्ये साटाचा मोड आयडीई असेल तर एएचसीआय करा. त्या मशीनवर विंडोजही असेल तर मात्र आधी विचारून घ्या, कारण मोड बदलल्यावर ते चालू होईलच असं नाही.

मोठ्या ड्राइव्हची मोटर १२ व्होल्टवर चालते. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) थकलेला असेल तर डिस्क पूर्ण गती घेत नाही, कधी नुसतीच कुरकुरते. दुसऱ्या मशीनचा एसएमपीएस लावून बघता आला तर बघा. एसएमपीएस उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आत झटका बसण्याइतकी वीज राहते.

लेन्स

राईस मिल जवळ असेल तर कोंड्याची धूळ कुठेही शिरते. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हची लेन्स ट्रे बाहेर काढला की समोरच दिसते. मोठ्या ड्राइव्हची दिसत नाही, त्याचं वरचं झाकण चार स्क्रूंनी उघडावं लागतं. मशीन बंद, प्लग काढलेला. कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने आधी धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कानाचा बड एकदाच, अलगद. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते. दाबली की गेली. अत्तर, रॉकेल, थिनर यांतलं काहीही लावू नका. लेन्सच्या बाजूला लेसरची ताकद वाढवायचा छोटा स्क्रू असतो. तो फिरवायला सांगणारे आहेत, त्यांचं ऐकू नका. थोडे दिवस बरं वाटतं, मग लेसर जळतो. झाकण उघडं ठेवून ड्राइव्ह चालू करून आत डोकावणं तर मुळीच नको. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करतो.

लेन्स पुसूनही चांगल्या डिस्कवर आकडा नाचतो? ड्राइव्ह बदला. यात दुरुस्ती परवडत नाही, लेसर बदलण्याच्या खर्चात नवा ड्राइव्ह येतो.

कुठे थांबायचं

डिस्कला मधल्या भोकापासून तडा असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. सीडी पूर्ण वेगात मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात फिरते. तडकलेली डिस्क आत फुटते, ड्राइव्ह जातो आणि डिस्कचे तुकडे होतात. उजेडासमोर धरल्यावर चकाकणाऱ्या थरात आरपार भोकं दिसली, किंवा थर पापुद्र्यासारखा सुटत असला, तर तिथला मजकूर गेलेला आहे. ड्राइव्हमधून घासल्याचा, ठोकल्याचा आवाज आला तर त्याच क्षणी बंद.

डिस्क एकुलती एक असेल, गेलेल्या माणसाचा आवाज किंवा चेहरा तिच्यात असेल, तर प्रयोग करायची ती जागा नव्हे. अशा डिस्कला मी डीडी लावतच नाही, सरळ ‘डीडी-रेस्क्यू’ लावतो: ब्लॉक २०४८, पहिल्या फेरीत छोटा एन, म्हणजे सोपं-सोपं आधी उचललं जातं आणि अवघड जागा मागे राहतात. सोबत मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) द्यायचीच. त्या फाइलमुळे काम मध्येच थांबवून दुसऱ्या ड्राइव्हवर तिथूनच पुढे नेता येतं, आणि एका ड्राइव्हला न वाचता आलेली जागा दुसरा वाचतो हे मी वारंवार बघितलंय. स्टुडिओने एकाच मास्टरवरून दोन-तीन प्रती दिलेल्या असतात; एक नवरीच्या माहेरी पडलेली असते. ती मागवा आणि तीच प्रतिमा, तीच मॅप फाइल वापरून राहिलेल्या जागा तिच्यातून भरून काढा. दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या बर्न केलेल्या असल्या पाहिजेत, तेवढं आकार ताडून बघा.

दोन वेगवेगळे ड्राइव्ह, कमी वेग आणि डीडी-रेस्क्यूच्या तीन फेऱ्या एवढं करूनही मोठा भाग येत नसेल तर थांबा. प्रत्येक फेरीत डिस्क तापते, आणि सुटत आलेला थर आणखी सुटतो. नागपूरला किंवा पुण्याला डेटा रिकव्हरीचं काम करणारे आहेत. जाण्याआधी फोन करून ऑप्टिकल डिस्क घेतात का ते विचारा, कारण बरेच जण फक्त हार्ड डिस्क घेतात. तपासणीचे पैसे किती, आणि काहीच निघालं नाही तर किती, हे दोन्ही आधी ठरवा. डिस्कसोबत तुमची अर्धवट प्रतिमा आणि मॅप फाइल पेन ड्राइव्हवर न्या, म्हणजे त्यांना नुसत्या राहिलेल्या जागाच वाचाव्या लागतील. डिस्क टणक डब्यात ठेवा, आणि एसटीने जाणार असाल तर खिडकीच्या उन्हात नको, पिशवीत खाली ठेवा.